लाथ मारीन तिथे पाणी: टोरी टेलरची आयोवातली चार वर्षं

मुंबईच्या बोलीत पंटर म्हणजे भाईचा हरकाम्या. नाव भाईचं, धावपळ याची, आणि पोलिसांची गाडी आली की पहिला सापडणाराही हाच. अमेरिकन फुटबॉलमधल्या पंटरची पत याहून फार वर नसते. संघातले मोठे गडी तोंडावर आपटले की याला मैदानात धाडतात. त्यानं चेंडूला एक सणसणीत लाथ हाणायची आणि परत येऊन बसायचं. प्रेक्षक तेवढ्यात हॉट डॉग आणायला उठतात.

अशा एका पंटरला एप्रिल २०२४ मध्ये शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघानं ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजमधले खेळाडू वाटून घेण्याच्या निवडीच्या, चौथ्या फेरीत १२२ व्या क्रमांकावर उचललं. टोरी टेलर, मुक्काम मेलबर्न, वय २६. त्याआधी चार वर्षं तो आयोवा विद्यापीठाकडून खेळला होता, आणि त्यातल्या शेवटच्या वर्षी त्यानं ८५ वर्षं जुना विक्रम मोडला होता. प्रकरण म्हणून मला तो घ्यावासा वाटतो, कारण त्याचं यश आणि त्याच्या संघाचं अपयश एकाच आकड्यात मोजलं जातं. पंटर जितका जास्त राबतो, तितका त्याचा संघ जास्त वेळा फसलेला असतो. मग अशा खेळाडूचं मोल ठरवायचं कसं?

आधी खेळाचं थोडं. चेंडू हातात असलेल्या संघाला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न मिळतात आणि तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. सरकले तर पुन्हा नवे चार. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्याला बहुतेक संघ धोका पत्करत नाहीत. लाँग स्नॅपर वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, सुमारे १५ यार्डांवर उभा असलेला पंटर तो झेलतो आणि जमेल तितका लांब उडवून देतो. झेलण्यापासून लाथेपर्यंत त्याच्याकडे मोठमोठे दोन श्वास घेण्याइतकाही वेळ नसतो, कारण समोरून दहा जण त्याच्या अंगावर धावत येत असतात. चेंडू जातो प्रतिस्पर्ध्याकडेच. प्रश्न एवढाच की तो त्यांना कुठे मिळतो.

आता हा हिशेब पाहा. तुमचा संघ स्वतःच्या २५ यार्डांवर आहे. तीन प्रयत्नांत दोन यार्ड मिळाले, म्हणजे काहीच नाही. पंटरनं चेंडू ४८ यार्ड पुढे नेला आणि तो तिथेच थांबला, तर प्रतिस्पर्धी त्यांच्या २५ वर सुरू करणार. म्हणजे तुम्ही सपशेल नापास होऊनही फिटंफाट! तेच पंटर ३८ यार्डांचा असेल, तर प्रत्येक खेपेला दहा यार्ड गमावले. सामन्यात अशा दहा खेपा झाल्या की अख्ख्या मैदानाची लांबी हातची गेली, आणि धावफलकावर त्याची कुठेही नोंद नाही. आयोवाचा सगळा संसार या वजाबाकीवर चालला होता.

टेलर मेलबर्नमध्ये वाढला, ऑस्ट्रेलियन रुल्स फुटबॉल खेळत. त्या खेळात पास फेकता येत नाही. चेंडू मुठीनं ठोसायचा किंवा लाथेनं पाठवायचा. तिथली पोरं पळता पळता, कुणी अंगावर येत असताना, पन्नास पावलांवरच्या गड्याच्या छातीवर चेंडू पोचवायला शिकतात. आपल्याकडे गल्लीतलं पोर न शिकवता मनगट फिरवून चेंडू वळवतं, तसं. अमेरिकेत मात्र पंटर म्हणजे सकाळ-संध्याकाळ एकाच जागी उभं राहून एकच लाथ घोटणारा. ही दरी नेथन चॅपमन नावाच्या माणसानं हेरली. ऑस्ट्रेलियन लीगमध्ये ब्रिस्बेन लायन्सकडून खेळलेला, अमेरिकेत ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघात नशीब अजमावून परतलेला हा गडी. त्यानं २००७ मध्ये मेलबर्नला प्रोकिक ऑस्ट्रेलिया ही तालीम सुरू केली. तालीमच म्हणतो, कारण ऑस्ट्रेलियन लीगमध्ये जागा न मिळालेल्या तरुणांना वस्तादानं घासूनपुसून अमेरिकी विद्यापीठांकडे शिष्यवृत्तीवर पाठवायचं, असा तो मामला. कॉलेजमधल्या सर्वोत्तम पंटरला रे गाय पुरस्कार मिळतो. २०१३ ते २०१७ अशी सलग पाच वर्षं तो प्रोकिकच्या पठ्ठ्यांनी नेला: टॉम हॉर्न्सी, मग दोनदा टॉम हॅकेट, मग मिच विश्नोव्स्की, मग मायकेल डिक्सन.

त्यांचं गुपित म्हणावं तर एक म्हणजे ड्रॉप पंट. अमेरिकी पंटर चेंडू गोळीसारखा स्वतःभोवती फिरवत पाठवतात. तो लांब जातो, पण जमिनीवर पडल्यावर कुठे उडेल याचा नेम नाही. ऑस्ट्रेलियन ड्रॉप पंट टोकावर टोक अशा उलट्या गिरक्या घेत जातो आणि टप्पा पडल्यावर मागे वळतो. हे महत्त्वाचं का? चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, शिरला तर टचबॅक होतो आणि त्यांना २० यार्डांवरून सुरुवात मिळते. तोच चेंडू रेषेच्या दोन हात अलीकडे थबकला, तर त्यांची पाठ भिंतीला लागलेली. दुसरं कारण नियमातलं. कॉलेजच्या खेळात चेंडू मागे फेकला जाताच पंटरच्या संघातला कुणीही पुढे धावत सुटू शकतो, तर व्यावसायिक लीगमध्ये लाथ बसेपर्यंत फक्त कडेच्या दोघांना ती मुभा आहे. त्यामुळे कॉलेजात पंटर बाजूला चार पावलं पळत, वेळ काढत, रग्बीच्या ढंगात लाथ मारू शकतो. तोवर त्याचे गडी चेंडूखाली पोचलेले असतात. मेलबर्नच्या पोरांना हे बाळकडूच. टेलरकडे दोन्ही हत्यारं होती: स्वतःच्या गोलरेषेजवळ अडकला की लांब गोळी, मैदानाच्या मध्यावर आला की उलट्या गिरकीचा ड्रॉप पंट.

आयोवाचे स्पेशल टीम्सचे, म्हणजे लाथेच्या खेळाचे, प्रशिक्षक लेव्हार वुड्स त्याला पाहायला थेट मेलबर्नला गेले. पंटरसाठी प्रशिक्षकानं अर्धी पृथ्वी ओलांडावी, यातच आयोवाची वृत्ती कळते. मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून तिथे ठाण मांडून होते आणि त्यांचा खाक्या ठरलेला: चूक करायची नाही, चेंडू गमवायचा नाही, समोरच्याला चूक करू द्यायची. जुन्या वळणाच्या मुंबईकर फलंदाजाला हा माणूस लगेच आपला वाटला असता.

कोविडमुळे २०२० चा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाला. २४ ऑक्टोबरला पर्ड्यूविरुद्ध टेलर मैदानात उतरला, तेव्हा तो २३ वर्षांचा ‘फ्रेशमन’, म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता आणि अमेरिकन फुटबॉलचा सामना प्रत्यक्ष मैदानावर पहिल्यांदाच पाहत होता. तोही आतून. सामना आयोवा हरलं, पण त्या वर्षअखेर तो बिग टेन या विद्यापीठांच्या मातब्बर गटातला सर्वोत्तम पंटर ठरला.

आता ३ सप्टेंबर २०२२. हा दिवस जरा जवळून पाहायला हवा.

स्थळ आयोवा सिटीचं किनिक स्टेडियम, ६९ हजारांहून अधिक प्रेक्षक मावणारं. पहिला क्वार्टर संपला की इथे सगळे प्रेक्षक शेजारच्या बालरुग्णालयाकडे वळतात आणि खिडक्यांत बसलेल्या आजारी मुलांना हात हलवतात. २०१७ पासूनचा हा रिवाज. टीव्हीवरही पाहिला तर घशात आवंढा येतो. त्या दिवशी हात हलवून लोक पुन्हा मैदानाकडे वळले, तेव्हा पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं. समोर साउथ डकोटा स्टेट, म्हणजे खालच्या श्रेणीतला संघ. आयोवानं सामना ७-३ असा जिंकला. सात गुण म्हटल्यावर वाटेल, एक टचडाउन (चेंडू समोरच्या एंड झोनमध्ये नेल्याचे सहा गुण) आणि वरचा एक. तसं नाही! एक फील्ड गोल, म्हणजे लाथेनं खांबांमधून पाठवलेला चेंडू, तीन गुण. आणि दोन सेफ्टी, दोन अधिक दोन. सेफ्टी म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच एंड झोनमध्ये लोळवलं की मिळणारे दोन गुण. आयोवाच्या आक्रमणाला दिवसभरात एकही टचडाउन करता आला नव्हता.

टेलरनं त्या दिवशी दहा पंट मारले, एकूण ४७९ यार्ड. त्यातले सात प्रतिस्पर्ध्याच्या २० यार्डांच्या आत थांबले. सेफ्टी आभाळातून पडत नाही. समोरचा संघ स्वतःच्या गोलरेषेला चिकटून खेळायला लागला, की बचावपटूंना त्याला मागे ढकलायला जागाच फार लागत नाही. टेलर त्यांना कोपऱ्यात नेऊन ठेवत होता आणि बचावफळी तिथे दाबत होती. गुण बचावफळीच्या नावावर लागले. लाथ मारीन तिथे पाणी काढीन, असं आपल्याकडे बढाईखोराला चिडवायला म्हणतात. इथे एक माणूस अक्षरशः ते करत होता, फक्त पाणी दुसऱ्याच्या हंड्यात पडत होतं. (साउथ डकोटा स्टेटनं पुढे त्याच हंगामात आपल्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. समोरचे अगदीच लेचेपेचे नव्हते, हेही नोंदवलं पाहिजे.)

देशभर या सामन्याची टिंगल झाली. आयोवाच्या चाहत्यांनी मात्र ती शिरोधार्य मानली. ‘पंटिंग इज विनिंग’, म्हणजे पंट मारणं हेच जिंकणं, असं छापलेले टी-शर्ट खपत होते. इथे प्रकरणाला एक वेगळी गाठ पडते, आणि ती मराठी घरांना समजावून सांगायची गरज नाही. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची मोकळीक मिळाली. संघातले अमेरिकी सहकारी जाहिराती करू लागले. टेलर होता विद्यार्थी व्हिसावर. एफ-१ म्हणजे काय, ते कोथरूडच्या कुठल्याही सोसायटीत विचारा. आठवड्याला वीस तास कॅम्पसवरच्या कॅन्टीनमध्ये चालतं, त्यापलीकडची कमाई म्हणजे व्हिसावर गदा. राज्यातला सर्वांत लाडका पंटर स्वतःच्या नावावर खपणाऱ्या टी-शर्टांचा एक डॉलरही खिशात घालू शकत नव्हता. त्या विक्रीतला पैसा गेला ‘काउंट द किक्स’ या उपक्रमाला. गर्भवतींनी पोटातल्या बाळाच्या लाथा रोज मोजाव्यात, म्हणजे धोका वेळेत कळतो आणि मृत जन्म टाळता येतात, असं सांगणारी ही आयोवातली चळवळ. लाथांच्या हिशेबातली एवढी चपखल जोडी कुणी ठरवून जुळवली असती, तर खोटी वाटली असती.

२०२३ चा हंगाम हा या प्रकरणाचा गाभा. आक्रमणाचे सूत्रधार होते ब्रायन फेरेन्ट्झ, मुख्य प्रशिक्षकांचे चिरंजीव. घराणेशाहीवर आपल्याला काही वेगळं शिकवायला नको. टीका इतकी वाढली होती की हंगामापूर्वी त्यांचा पगार कापून करारात अट घातली गेली: संघानं सामन्यामागे सरासरी २५ गुण केले पाहिजेत. मग दुष्काळात तेरावा महिना. सप्टेंबरअखेर क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी, केड मॅकनमारा गुडघा दुखावून बाहेर गेला, पास झेलणारे दोन भरवशाचे टाइट एंडही एकामागोमाग गेले. पेन स्टेटनं ३१-० असं धुतलं, त्या सामन्यात आयोवाचं आक्रमण सगळं मिळून ७६ यार्ड सरकलं. टेलर एखाददुसऱ्या लाथेत तेवढं अंतर काटायचा.

१४ ऑक्टोबरला विस्कॉन्सिनच्या मैदानावर बदली क्वार्टरबॅक डीकन हिलच्या पासांतून मिळाले ३७ यार्ड. टेलरनं दहा पंटांत ५०६ यार्ड काढले. सामना आयोवानं १५-६ जिंकला. लशॉन विल्यम्सची एक ८२ यार्डांची धाव सोडली, तर बाकी सगळी लाथेची आणि बचावाची कमाई. पुढच्याच शनिवारी मिनेसोटाविरुद्ध मात्र याच पंटच्या खेळानं दगा दिला. शेवटच्या दोन मिनिटांत मिनेसोटाचा पंट उचलून कूपर डीजीननं थेट टचडाउन केला, स्टेडियम वेडं झालं, आणि मग पंचांनी टीव्हीवर पाहून ठरवलं की चेंडू उचलण्याआधी त्यानं हात हलवला होता. ती धावणार नसल्याची खूण, म्हणजे धाव बाद. निकाल १२-१० मिनेसोटा. आयोवातल्या माणसाशी बोलताना हा विषय आजही जपून काढावा.

ऑक्टोबर संपायच्या आत विद्यापीठानं जाहीर केलं की ब्रायन फेरेन्ट्झ पुढच्या वर्षी नसतील. संघ तरीही जिंकत राहिला. नॉर्थवेस्टर्न १०-७, इलिनॉय १५-१३, नेब्रास्का १३-१०. बिग टेनच्या पश्चिम विभागाचं विजेतेपद, दहा विजय, चार पराभव. आणि त्याच वेळी एकूण यार्डांच्या यादीत आयोवाचं आक्रमण वरच्या श्रेणीतल्या १३३ संघांमध्ये शेवटचं, सामन्यामागे जेमतेम २३५ यार्ड.

आता शेजारी टेलरचा आकडा ठेवा. १४ सामने, ९३ पंट, ४,४७९ यार्ड, सरासरी ४८.२. भागाकार केला तर सामन्यामागे जवळजवळ ३२० यार्ड. म्हणजे अकरा जणांचं अख्खं आक्रमण धावून आणि पास फेकून जेवढं सरकलं, त्याहून जास्त अंतर एका माणसाच्या उजव्या पायानं कापलं. १ जानेवारी २०२४ ला ऑरलँडोतल्या सिट्रस बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात टेनेसी विद्यापीठानं आयोवाला ३५-० असं लोळवलं, आणि त्याच सामन्यात टेलरनं एका हंगामातल्या सर्वाधिक पंट-यार्डांचा विक्रम मोडला. जुना विक्रम मिशिगन स्टेटच्या जॉन पिंगेलचा, ४,१३८ यार्ड, १९३८ सालचा. त्या काळी बरेच संघ चौथ्या डाउनची वाटही न पाहता लाथ मारून मोकळे व्हायचे. आधुनिक काळात तो मोडायला एकाच संघात दोन टोकं एकत्र यावी लागली: देशातला सर्वांत दुबळा हल्ला आणि देशातला सर्वोत्तम पंटर. रे गाय पुरस्कार त्याला मिळाला, हे ओघानंच आलं.

सर्वसाधारण मत असं की टेलरनं आयोवाला वाचवलं. मला ते अर्धंच पटतं. त्यानं सामने वाचवले यात वाद नाही. पण त्याच्यामुळे आयोवाला वाईट राहणं परवडलं, हेही तितकंच खरं. फसलेल्या प्रत्येक चढाईची किंमत तो जवळजवळ शून्यावर आणत होता, आणि ज्या चुकीची किंमत मोजावी लागत नाही ती चूक सुधारायची घाई कुणाला असते? घरात एक कमावता मुलगा सगळ्यांची कर्जं निमूटपणे फेडत असेल, तर बाकीचे नोकरी शोधायला बाहेर पडत नाहीत. तीन हंगाम आक्रमण घसरत होतं आणि विजयांची संख्या मात्र पोटात गोळा येऊ देत नव्हती. टेलर सरासरी पंटर असता, तर आयोवा चार-पाच सामने जास्त हरलं असतं आणि ऑक्टोबर २०२३ चा निर्णय कदाचित वर्षभर आधी झाला असता. अर्थात हा माझा तर्क, सिद्ध करता येणार नाही. यात टेलरचा दोष कणभरही नाही. चौथ्या डाउनला बोलावल्यावर त्यानं वाईट लाथ मारायला हवी होती, असं कोण म्हणेल?

आयोवाला हा वारसा जुनाच आहे. स्टेडियमला नाव आहे नाइल किनिकचं, १९३९ चा हाइजमन ट्रॉफी विजेता, म्हणजे कॉलेजमधला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. त्या वर्षी नोव्हेंबरात नॉट्र डामविरुद्ध आयोवानं ७-६ असा विजय मिळवला. टचडाउन किनिकनंच केला, पण सामना बंद केला तो त्याच्याच ६३ यार्डांच्या पंटनं, प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या सहा यार्डांवर कोंडून. तेव्हा एकच गडी धावायचा, पास फेकायचा आणि लाथही मारायचा. चार वर्षांनी नौदलाच्या सरावउड्डाणात विमान समुद्रात कोसळून तो गेला. त्याच्या नावाच्या मैदानावर पंटरला उभं राहून टाळ्या मिळतात, यात नवल नाही.

बेअर्सचा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो. त्या ड्राफ्टला सामोरं जाताना त्यांच्या हातात अवघ्या चार निवडी होत्या. पहिल्या क्रमांकावर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स, नवव्यावर पास झेलणारा रोम ओडुन्झे, मग समोरच्यांना अडवणारा एक लाइनमन, आणि चौथी निवड पंटर. चारातली एक पंटरवर! पंटरसाठी इतकी वरची निवड खर्च करणं म्हणजे लग्नाच्या खर्चात केटररपेक्षा मांडववाल्याला जास्त देण्यासारखं. पण गणित साधं होतं. नवखा क्वार्टरबॅक चुकणार, त्या चुका सांभाळायला मागे कुणीतरी हवा. आयोवानं तेच केलं होतं, फक्त तिथे क्वार्टरबॅक पुढे सुधारण्याची आशा कमी होती. निवडीनंतर विल्यम्सनं टेलरला निरोप पाठवला की इथे तुला फारसे पंट मारावे लागणार नाहीत. त्या हंगामात विल्यम्सला ६८ वेळा चेंडूसकट लोळवलं गेलं आणि संघानं १७ पैकी १२ सामने गमावले. टेलरला काम कमी पडलं नाही.

त्याचा पहिला व्यावसायिक सामना ८ सप्टेंबर २०२४ ला, सोल्जर फील्डवर, टेनेसी टायटन्सविरुद्ध. विल्यम्सच्या पासांतून ९३ यार्ड. आक्रमणाचा एकही टचडाउन नाही. तरी बेअर्स २४-१७ जिंकले: तीन फील्ड गोल, टायरीक स्टीव्हन्सननं पळवून थेट एंड झोनमध्ये नेलेला एक पास, आणि डॅनियल हार्डीनं अडवलेला एक पंट. अडवलेला तो चेंडू जॉनथन ओवेन्सनं उचलला आणि २१ यार्ड पळत एंड झोनमध्ये नेला. त्या पंटमागचा पाय टायटन्सच्या पंटरचा होता. आयोवाहून आलेला गडी तेव्हा रेषेबाहेर होता, आणि असा सामना त्याला काही नवा नव्हता.